पेटी जिथे गप्प राहायची

माझ्या फजित्या मी आजवर चारचौघांत चवीने सांगत आलो आहे. कारखान्यात रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी साहेबाच्या खुर्चीत बसून खुद्द साहेबालाच "बोला, काय काम आहे?" असं विचारलं होतं. आमच्याकडच्या लग्नकार्यांत या गोष्टीला अजून मागणी असते. एक चूक मात्र बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. ती तीन अक्षरांची होती आणि मी ती अगदी सुवाच्य अक्षरात केली होती.

तेव्हा आम्ही नागपूरला होतो. आई मी शाळेत असतानाच गेली. घरात बाबा आणि मी. बाबा सचिवालयात हेडक्लार्क, आणि शेजारचे काका त्याच दालनात दोन टेबलं सोडून. दिवसभर दोघं एकमेकांच्या फायलींवर शेरे मारत आणि दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर सतरंजी टाकून भजनाला बसत. बाबा गायचे, काका पेटी वाजवायचे. बाबांचा आवाज काही मोठा नव्हता. एकटे गुणगुणत असले की जरा चाचरायचे. पण पेटी शेजारी असली की अंधारात जिना उतरताना कुणीतरी कंदील धरावा तसे ते बिनघोर चालत. एक ओळ बाबा म्हणत, तिच्या शेपटाशी काकांची बोटं उत्तर देत, मग पुढची ओळ.

शेवटचं भजन ठरलेलं होतं, भूप रागातलं. त्याच्या दुसऱ्या कडव्यात बाबा वरच्या सा वर जाऊन थांबत आणि नेमक्या त्या जागी काका पट्ट्यांवरचा हात उचलून घेत. भाता तेवढा हलत राहायचा. सूर नाही. बाबा एकटेच त्या सा वर उभे. मग काका अलगद खाली यायचे आणि त्यांना घेऊन जायचे. दहा वर्षांचा असताना मी भरल्या ओसरीत मोठ्याने म्हणालो होतो, "काका इथे दर वेळी विसरतात!" मंडळी पोट धरून हसली. काका म्हणाले, "पोराच्या लक्षात आलं बुवा. कुणाला सांगू नको हं."

पुढे राज्यांची फेररचना आली. आमचा मुलूख एकीकडे जाणार, राजधानी दुसरीकडे, आणि मधे अडकलेल्या कारकुनांकडून पसंतीचा कागद भरून घेणार: नागपुरात राहता की नव्या राज्याबरोबर भोपाळला जाता? बाबांनी आठ दिवस त्या कागदाची घडी घातली आणि उलगडली. शेवटच्या दिवशी ऑफिसला निघताना म्हणाले, "हे बघ, मला काही सुचून नाही राहिलं. काका आज घरी आहेत. ते काय लिहितात ते विचार आणि तेच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे. खाली मी सही केली आहे. दुपारी ऑफिसात आणून दे."

काकांचं दार आमच्या दारापासून तीस पावलांवर होतं. नंतर कितीदा तरी मी ती मनात मोजली आहेत. पण माझी सायकल फाटकाशी टेकलेली होती, मैदानावर आमचा सामना होता आणि पहिल्या जोडीत मला पाठवणार होते. मी उंबऱ्यावर उभा राहून विचार केला: काका दोन महिने झाले, नव्या राजधानीचंच बोलतायत. तिथे तलाव आहेत, नवीन क्वार्टर्स आहेत, बढत्या आहेत. वेगळं काय लिहिणार? मी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून सुरेख वळणदार अक्षरात 'भोपाळ' लिहिलं आणि सायकलवर टांग मारली. सामन्यात दुसऱ्या चेंडूवर बाद झालो, हे सांगितलंच पाहिजे.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "विचारलंस ना?"

"हो," मी म्हटलं.

काकांनी नागपूर लिहिलं होतं. त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांनी घर सोडायला साफ नकार दिला होता, आणि हे तीस पावलं चालून गेलेल्या कुणालाही कळलं असतं. दोनच दिवसांनी याद्या लागल्या तेव्हा बाबांनी आपलं नाव वाचलं, काकांचं वाचलं, आणि घरी येऊन माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते समजले ते असं: काकांनी मुलाला एक सांगितलं आणि कागदावर दुसरं लिहिलं. मित्राने फसवलं. मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. काका त्या संध्याकाळी दाराशी आले, तेव्हा बाबा आतून म्हणाले, "माझं डोकं दुखतंय." काका आल्या पावली परत गेले. मी दोघांच्या मधे होतो, एकवीस वर्षांचा, मिशा फुटलेला, आणि मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

भोपाळच्या सरकारी क्वार्टरमधे पहिला गुरुवार आला. बाबांनी सवयीने सतरंजी टाकली. पहिली ओळ म्हणाले. ओळीच्या शेवटी थांबले, जसे नेहमी थांबत. उत्तर यायचं होतं ते आलं नाही. बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, तेवढाच आवाज. बाबांनी तोंड मिटलं, सतरंजीची घडी केली आणि ती ट्रंकेच्या तळाशी ठेवली. त्यानंतर त्यांनी गायलेलं मी ऐकलं नाही. काकांचं पोस्टकार्ड महिन्याला यायचं. खुशाली, पाऊसपाणी, आणि शेवटची ओळ ठरलेली: 'गुरुवार चालू आहे.' बाबा कार्ड दोनदा वाचत, ट्रंकेत टाकत. उत्तर कधी दिलं नाही.

मला पुढे शहराबाहेरच्या त्या मोठ्या सरकारी कारखान्यात ट्रेसर म्हणून नोकरी लागली. ट्रेसर म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या यंत्रांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून ते शाईने गिरवणारा माणूस. स्वतःची अक्कल न वापरता सुबक काम करायचं, म्हणजे माझ्या स्वभावाला साजेसं. टाऊनशिपमधे क्वार्टर मिळालं, लग्न झालं. सोनागिरीच्या बाजूला तेव्हा नुसत्या बाभळी होत्या. नागपूरहून आलेली बायको पहिल्या दिवशी खिडकीतून बघून म्हणाली, "राजधानी कुठं आहे जी?"

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. व्हरांड्यात त्यांची आरामखुर्ची आणि मांडीवर माझी लहानपणची पाटी. डाव्या हाताने ते लिहीत, अक्षरं वेडीवाकडी, पण भाषा ऑफिसातलीच. पहिल्या आठवड्यात सुनेला पाटी दाखवली: 'वरणातील मीठ. पुनर्विचार व्हावा.' ती पदराने डोळे पुसेपर्यंत हसली आणि मग तशीच रडलीही. शेजाऱ्यांच्या रेडिओवर भजन लागलं की मात्र पाटीवर एकच शब्द यायचा: 'बंद.' मी जाऊन शेजाऱ्यांना आवाज कमी करायला सांगत असे.

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात एक विलायती इंजिनियर होते. त्यांचा करार संपला, तेव्हा ते घरातलं सामान वाटून टाकत होते. कुणाला टेबललॅम्प मिळाला, कुणाला छत्री. मला त्यांनी हातभर लांबीची एक गिटार दिली. चार तारा, त्याही तारा नव्हेतच, गुळगुळीत दोरेच म्हणा. नाव सांगितलं, युकुलेले. बरोबर वाजवायला शिकवणारं एक पातळ पुस्तक, तारांचा एक जादा संच आणि सूर लावायला चार भोकांची एक शिट्टी. मलाच का, असं मी धीर करून विचारलं. ते म्हणाले, काम करताना तू सारखा एकच सूर गुणगुणतोस म्हणून. मला स्वतःला याचा पत्ता नव्हता. कुठला सूर ते विचारायची हिंमत झाली नाही.

घरी आणली तर बायको म्हणाली, "हे कुणाच्या पोराचं उचलून आणलं?"

"गिटार आहे."

"हो का? मग वाढेल का ती?"

व्हरांड्यातून पाटी वर झाली: 'सदर वस्तू काय आहे?' मी वाजवून दाखवलं. बाबांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'बाहेर.'

तर मी बाहेर गेलो. टाऊनशिपच्या टोकाला पाण्याची नवी टाकी बांधत होते. तिच्या खाली, सिमेंटच्या खांबांमधे, रविवारी सकाळी सावली असायची आणि मजूर सुट्टीवर असायचे. पुस्तकात शिडीसारखी छोटी चित्रं होती, उभ्या चार रेघा म्हणजे तारा, त्यांवर ठिपके म्हणजे बोटं. असे तीन-चार सूर एकदम दाबून छेडायचे, त्याने गाण्याला खालून आधार मिळतो, असं पुस्तक म्हणत होतं. चित्रं मला दिसली आणि मी मनात म्हटलं, वा, नकाशा वाचायला मला कोण शिकवणार! आता आमच्या विलायती नकाशांची एक रीत होती: यंत्राची डावी बाजू कागदावर उजवीकडे काढायची. रोज आठ तास मी तेच गिरवत होतो. पुस्तकही विलायती. मी ओघानेच सगळी चित्रं उलटी वाचली, डाव्या तारेची बोटं उजव्या तारेवर. दोन महिने मी असा नेमाने सराव केला. टाकीखाली झोपायला येणारं एक कुत्रं होतं, तेही तिसऱ्या रविवारपासून येईनासं झालं. मला वाटे, विलायती संगीत असंच असणार. आपल्या कानाला सवय नाही.

त्यात आणखी एक शंका. तीन तारा जाड-बारीक अशा क्रमाने होत्या, पण चौथी, सगळ्यांत वरची, जी खर्जातली असायला हवी असं मला वाटे, ती भलतीच उंच बोलायची. शिट्टीचं भोकही तसंच बोलायचं. म्हणजे शिट्टी बिघडली आहे आणि साहेबांनी आयुष्यभर चुकीची तार लावली आहे, असा निष्कर्ष मी काढला. एका मित्राकडून सतारीची जाड पोलादी तार आणली, चढवली आणि पिळायला लागलो. तार सुरात आली. क्षणभर. मग कडाड असा आवाज झाला आणि तारा जिथे बांधलेल्या असतात ती लाकडी पट्टी वरच्या फळीचा एक टवका घेऊन माझ्या कपाळावर बसली.

कपाळाला पट्टी आणि पिशवीत युकुलेले अशा थाटात मी जुन्या शहरात गेलो. चौकाच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे कारागीर सारंग्या आणि पेट्या दुरुस्त करत. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि आपण 'काय राव' म्हणतो तशा भोपाळी ढंगात विचारलं,

"को खां, ये किस बच्चे का तोड़ लाए?"

"उस्ताद, मैंने सिर्फ तार बदला था."

त्यांनी ती तार दोन बोटांत धरली. "मियाँ, ये तो सितार का है. आपने बकरी पे ऊँट की काठी कस दी. अब बकरी बेचारी क्या करती?"

आठवड्याने गेलो तर पट्टी सरसाने बेमालूम बसवलेली आणि जादा संचातल्या तारा चढवलेल्या. त्यांनी शिट्टी फुंकून सूर लावले, चौथी तार पुन्हा उंचच. मी म्हटलं, "उस्ताद, सीटी खराब है."

"सीटी नहीं, आपका कान जल्दबाज़ है," ते म्हणाले. शेजारी दुरुस्तीला आलेली सतार होती. तिच्या कडेच्या बारीक तारा त्यांनी नखाने छेडल्या. "ये चिकारी है. धुन नीचे चलती है, ये ऊपर से कहती रहती है, मैं हूँ, मैं हूँ. आपकी ये चौथी भी वही है. इसे खरज में उतारोगे तो साथ कौन देगा?" मग त्यांनी चारही तारा मोकळ्या, एकेक करून वाजवल्या. थांबले. परत वाजवल्या. "प, सा, ग, ध. लो, भूप तो इसमें खुला पड़ा है. एक रे ढूँढ लेना, बाकी सब घर बैठे हैं."

भूप म्हटल्यावर मी त्यांच्या दुकानातल्या फळकुटावर बसलोच. साहेबांनी ऐकलेला तो गुणगुणण्याचा सूर कुठला होता ते मला तिथे कळलं. म्हाताऱ्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

तेव्हापासून माझं काम ठरलं. बाबांना आता गाता येत नव्हतं. काका नागपुरात. तर ओसरीवरचा तो गुरुवार, गळा आणि पेटी दोन्ही, या चार तारांवर एका माणसाने उभा करायचा आणि बाबांपुढे ठेवायचा. कागद मी भरला होता. भरपाई म्हणून निदान एवढं. खरं तर दोन वाक्यं बोललो असतो तर जास्त सोपं झालं असतं, पण अवघड बोलणं टाळण्यासाठी माणूस किती कष्ट उपसतो याला सीमा नाही. मी एक अख्खं वाद्य शिकलो.

पुस्तक आता सुलटं वाचलं. शेवटच्या पानांत तेच होतं जे मला हवं होतं: चाल सगळ्यांत खालच्या तारेवर ठेवायची, अंगठ्याने वरच्या तारांवरून उतरत यायचं आणि नेमकं चालीच्या सुरावर थांबायचं, म्हणजे कानाला तोच सूर शेवटी आणि ठळक ऐकू येतो, बाकीचे त्याच्या मागे उभे राहतात. वाचायला चार ओळी. करायला गेलं की अंगठा थांबायच्या जागी थांबत नसे, ताबा सुटलेल्या सायकलसारखा पुढे जाई. किंवा थांबे तर चाल मागे राही. चाल धरली की आधार सुटे, आधार धरला की चाल लंगडी.

शेवटी ट्रेसरची युक्ती केली. ऑफिसातून टाकाऊ ट्रेसिंग पेपर आणला. एका कागदावर चार आडव्या रेघा काढून बाबांची चाल लिहिली, कुठल्या तारेवर कितव्या पडद्यापाशी बोट, ते आकड्यांनी. दुसऱ्यावर काकांची पेटी. काका काही साहेबी थाटाचे तीन-तीन सूर धरत नसत, ते बाबांच्या मागून एकेक बोट टाकत चालत. पण माझ्याकडे पेटीचा भाता नव्हता, तार छेडली की विरून जायची. म्हणून मी त्यांच्या जागी दोन-तीन सूर मिळून धरले. मग एक कागद दुसऱ्यावर ठेवून खिडकीच्या काचेला लावला. जिथे दोघं एकाच तारेवर आले तिथे भांडण. बाबांना हलवणं शक्य नव्हतं. हलले ते काकाच. कुठे त्यांना चौथ्या तारेवर पाठवलं, कुठे अर्धी मात्रा उशिरा बोलावलं. काका असते तर म्हणाले असते, "मला काय बदलीचा कारकून समजलास का रे?" बदली झालेला कारकून बाहेर व्हरांड्यात बसला होता.

हिवाळा सगळा टाकीखाली गेला. बोटांच्या टोकांना घट्टे पडले. अंगठा हळूहळू माणसात आला. एके रविवारी बायको डबा घेऊन आली आणि खांबाला टेकून पूर्ण ऐकलं.

"कसं वाटलं?"

"चाल ओळखू येते," ती म्हणाली. "पण फार भरलंय हो. कोंबून भरलेल्या पोत्यासारखं. हलवायलाही जागा नाही."

मी हे कौतुक समजलो. बारा सुरांच्या ओळीत बाराही सुरांखाली आधार लावणं, एकही उघडा न ठेवणं, ही मला कमाई वाटत होती.

गुरुवारी कामावरून आलो, हातपाय धुतले आणि ट्रंकेच्या तळची सतरंजी काढली. वर पडलेली काकांची पोस्टकार्डं बाजूला ठेवावी लागली. व्हरांड्यात बाबांच्या खुर्चीशी सतरंजी टाकली, तेव्हा त्यांनी पाटी उचलली, पण लिहिलं नाही. मी मान खाली घालूनच सुरुवात केली.

पहिली ओळ गेली. ओळीच्या शेपटाशी मी काकांचं उत्तर ठेवलं होतं, तीन सुरांचं, जसं ते देत. ते वाजलं तेव्हा खुर्चीची वेताची बैठक करकरली. पाटी मांडीवरून सरकून खाली आली होती आणि बाबा पुढे झुकले होते. 'बंद' लिहायला पाटी नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि मी घाईने पुढे गेलो. पहिलं कडवं. दुसरं. वरचा सा आला. तिथे मी सर्वांत मोठी मेहनत केली होती. चारही तारा, अंगठ्याची वरून खाली उतरण, वर थरथर.

बाबांचा डावा हात आला आणि तारांवर पडला. आवाज तिथल्या तिथे मेला.

झालं, मी म्हटलं. बंद. मी वाद्य खाली ठेवायला लागलो, तर हात तारांवरून निघेना. बोटाने त्यांनी माझ्या मनगटावर टकटक केलं. पुन्हा. मी ओळ पुन्हा सुरू केली. वरच्या सा च्या जागी पुन्हा तोच हात, तसाच पालथा. त्यांच्या तोंडाची चांगली बाजू चिडल्यासारखी हलत होती, एखादा नवखा उमेदवार सांगूनही चुकीची फाईल पुढे करतो तेव्हा हलायची तशी. तिसऱ्यांदा त्या जागेशी आलो आणि मला ओसरी दिसली, पट्ट्यांवरून उचललेला काकांचा हात दिसला, आणि "काका इथे विसरतात" असं ओरडणारा मीही.

मी हात उचलला. काही वाजवलं नाही.

त्या रिकाम्या जागेत बाबांचा सा आला. फाटका होता. तोंडाच्या एका कोपऱ्यातून आला आणि जरा खालीच लागला, मग वर सरकत जागेवर गेला. किती वेळ टिकला सांगता येणार नाही, ओसरीवर टिकायचा त्याच्या पावसुद्धा नसेल. पण तो सा होता. तो डळमळला, तेव्हा मी काकांसारखं अलगद खाली उतरलो आणि त्यांना घेऊन ओळ पुरी केली. दारात बायको उभी होती, हाताला कणीक लागलेली.

मग माझ्याने राहवलं नाही. मी युकुलेलेकडे बघतच म्हणालो, "बाबा, त्या दिवशी मी काकांना विचारलंच नव्हतं."

त्यांची मान माझ्याकडे वळली.

"कागद भरला त्या दिवशी. मी गेलोच नाही त्यांच्याकडे. सामना होता. ते भोपाळच लिहितील असं मीच धरून चाललो. तुम्हाला खोटं सांगितलं. काकांनी काहीच सांगितलं नव्हतं मला. त्यांना माहीतही नाही तुम्ही का बोलत नाही ते."

बोलून झाल्यावर मला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. बाबांचा चेहरा अर्धाच हलत असल्यामुळे त्यावर काय आहे ते वाचता येत नसे, आणि त्या वेळी तर हलणारा अर्धाही थांबला होता. सात वर्षं झाली होती. सात वर्षांची पोस्टकार्डं सतरंजीच्या कडेला पडली होती. त्यांनी ती एकदा पाहिली. मग बोटाने पाटी दाखवली. मी उचलून दिली. खूप वेळ लावून त्यांनी लिहिलं.

'पोस्टकार्ड आण.'

एवढंच. मला रागावले नाहीत, माफ केलं असंही कुठे लिहिलं नाही. पुढे कधीही लिहिलं नाही. मी टाऊनशिपच्या पोस्टात धावत गेलो, तर खिडकी बंद व्हायच्या बेतात होती.

कार्ड टाकायला माझ्याकडेच दिलं. पोस्टकार्ड उघडं असतं आणि मी कसा आहे ते तुम्हाला कळलंच आहे, तेव्हा वाचलं. डाव्या हाताची अक्षरं उतरत उतरत कोपऱ्यात गेली होती. 'मागील मौनाचे कारण लेखनिकाची चूक. ती आज निदर्शनास आली. आपला दोष नाही. इकडेही गुरुवार सुरू केला आहे. पेटी बरी आहे, पण जागा सोडत नव्हती. आता सोडते.' खाली नेहमीची आखूड सही.

काकांचं उत्तर आठवड्यात आलं. ते बाबांनी मला दाखवलं नाही. तेवढं एक कार्ड ट्रंकेत गेलं नाही, उशीखाली राहिलं.

त्यानंतर दर गुरुवारी सतरंजी पडायची. मी पोत्यातलं बरंचसं सामान काढून टाकलं. बाबा तेवढ्या एकाच जागी गायचे, बाकी डोळे मिटून. काही गुरुवारी सा लागायचा, काही गुरुवारी नुसताच श्वास यायचा. दोन्ही वेळा मी सारखाच थांबत असे. असे आम्हाला तीन हिवाळे मिळाले.

आता बोटं आखडली आहेत, तरी कुणी पाहुणे आले आणि आग्रह केला की मी ते भजन वाजवतो. दुसऱ्या कडव्यात वरच्या सा पाशी हात उचलतो आणि थांबतो. लोक एकमेकांकडे बघतात. परवा एका नातलगाची शाळकरी मुलगी मोठ्याने म्हणाली, "आजोबा, तुम्ही इथे विसरलात!"

मी म्हटलं, "हो ग. दर वेळी विसरतो. कुणाला सांगू नको हं."